सुकलेल्या काडीवरची रात्र

संध्याकाळ झाली की साळुंक्या वडावर कलकलाट करतात. बगळे तळ्याकाठच्या झाडावर उतरतात. कोंबड्या कुणी न हाकता खुराड्यात शिरतात. मधमाशी पोळ्यात जाते, मुंगी वारुळात. हे सगळं आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण ज्या कीटकांना पोळंही नाही आणि वारूळही नाही, ते रात्र कुठे काढतात?

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. आपण बागेत फुलझाडं लावतो, म्हणजे मधमाश्यांच्या जेवणाची सोय करतो. त्यांच्या झोपायच्या जागेचा विचार मात्र आपल्या मनात येत नाही. उलट ती जागा आपण आपल्याच हातांनी, स्वच्छतेच्या नावाखाली, उपटून टाकतो. त्याचा परिणाम शेवटी आपल्या वांग्या-टोमॅटोपर्यंत कसा पोहोचतो, ते या महिन्यात पाहू या.

अंगणातली अनोळखी माशी

कुंडीतल्या किंवा परसातल्या सब्जाला मंजिऱ्या आल्या की दुपारी त्याच्याजवळ दोन मिनिटं उभे राहा. बारीक, उंच सुरातली गुणगुण ऐकू येईल. एक गुबगुबीत माशी फुलासमोर क्षणभर हवेत थांबते, लांब सोंड फुलात घालते आणि पापणी लवते न लवते तोच पुढच्या फुलावर जाते. तिच्या छातीवर तांबूस-सोनेरी लव असते आणि काळ्या पोटावर चमकदार निळे पट्टे. एकदा नीट पाहिली की पुन्हा विसरत नाही.

शास्त्रज्ञ तिच्या गटाला अमेगिला म्हणतात. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात या गटाच्या अनेक जाती आढळतात. आपण आपल्या सोयीसाठी तिला 'निळपट्टी' म्हणू या.

मधमाशी म्हटलं की आपल्याला मध आठवतो. कुरआनातली सोळावी सूरह, अन-नहल, मधमाशीच्याच नावाची आहे, हे आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असतं. पण मध साठवणाऱ्या माश्यांच्या जाती थोड्या. जगात मधमाशीच्या कुळातल्या २०,००० पेक्षा अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक जातींमध्ये राणी नसते, कामकरी माश्या नसतात, पोळंही नसतं. प्रत्येक मादी आपला संसार एकटीच सांभाळते. निळपट्टी ही अशीच एक.

तिची मादी भुसभुशीत जमिनीत, मातीच्या बांधात किंवा जुन्या घराच्या मातीच्या भिंतीत बोगदा खोदते. त्यात लहान लहान खोल्या करते. प्रत्येक खोलीत परागकण आणि मकरंद यांचा शिधा भरते, त्यावर एक अंडं घालते आणि खोलीचं तोंड बंद करते. मग पुढची खोली. या बाळांना ती पुढे भेटत नाही. त्यांच्या वाट्याचं सगळं जेवण आधीच ठेवून ती आपलं कर्तव्य पुरं करते. रात्री ती त्याच बोगद्यात मुक्काम करते.

नराची गोष्ट वेगळी. तो खोलीतून बाहेर पडतो तो कायमचा. घर खोदणं त्याला जमत नाही आणि आईच्या बोगद्यात त्याला जागा नसते. दिवसभर तो फुलांवरचा मकरंद पितो आणि माद्यांच्या शोधात फिरतो. संध्याकाळी त्याला डोकं टेकायला जागा लागते. ती जागा म्हणजे एक सुकलेली काडी.

काडीवरची रांग

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आपांकडे गेलो होतो. परसात सब्जाचं बी झाडून झालं होतं आणि वाळलेली झुडपं तशीच उभी होती. मगरिबला थोडा वेळ होता. आपा विळा घेऊन निघाल्या, तोच धाकटा भाचा ओरडला.

"अम्मी, थांब! काडीला माश्या चिकटल्यात."

"मेलेल्या असतील. झटकून टाक."

"मामू, तुम्ही बघा ना. मेल्यात का?"

मी वाकून पाहिलं. एका बारीक काडीवर, एकाखाली एक, अकरा निळपट्ट्या ओळीने लटकल्या होत्या. पाय पोटाशी घेतलेले, पंख मिटलेले, मिशा खाली झुकलेल्या.

"मेलेल्या नाहीत बेटा. झोपल्यात."

"अशा? तोंडाने काडी धरून?"

तेवढ्यात बारावा आला. दोन-तीनदा काडीभोवती घिरट्या घातल्या, आधीच्या एकाच्या अंगावर उतरला. त्याने पायाने ढकललं. हा पुन्हा उडाला आणि शेवटी खालच्या टोकाला जागा मिळवून स्थिरावला.

आपांच्या हातात विळा तसाच होता. "आणि पोरांना डसल्या म्हणजे?"

"आपा, काडीवर झोपायला येतात ते नर. नराला नांगीच नसते."

"तुला कुणी सांगितलं?"

हे मात्र समजावून सांगायला हवं होतं. मधमाशीची नांगी म्हणजे मुळात अंडी घालण्याच्या अवयवापासून घडलेलं हत्यार. म्हणून ती फक्त मादीकडे असते. कुठल्याही जातीच्या मधमाशीचा नर डसू शकत नाही. निळपट्टीची मादीसुद्धा मुठीत पकडली किंवा कपड्यात चिरडली गेली, तरच डसते. तिला राखायला पोळं नसल्यामुळे आग्या मोहोळासारखी ती कुणाच्या मागे लागत नाही. नर-मादी ओळखायची एक सोपी खूण आहे: या गटातल्या ओळखीच्या जातींत साधारणपणे मादीच्या पोटावर चार निळे पट्टे असतात, नराच्या पोटावर पाच.

आपांनी विळा भिंतीला टेकवला. "राहू दे तर. पण शेंगदाणे वाळत घालायला मला तेवढी जागा मोकळी लागेल, सांगून ठेवते." बाकीची झुडपं निघाली, ती एक राहिली. भाच्याने तिला लाल दोरा बांधला आणि पुढचे काही दिवस रोज संध्याकाळी मोजणी केली. कधी नऊ, कधी तेरा, एकदा पंधरा. माश्या रोज त्याच झुडपावर येत होत्या.

जबड्याचं कुलूप

निळपट्टी झोपते ती आपल्या जबड्याच्या जोरावर. काडी दोन्ही जबड्यांत घट्ट पकडायची आणि शरीर सैल सोडून द्यायचं. पाय सुटले तरी पकड सुटत नाही. वारा आला, फांदी हलली, पावसाची सर आली तरी नर जागचा हलत नाही. फज्रच्या वेळी टॉर्च घेऊन गेलात तर त्यांच्या अंगावर दवाचे थेंब साचलेले दिसतील.

ही झोप खरी झोप असते का? १९८० च्या दशकात वॉल्टर कायझर या संशोधकाने मधमाश्यांवर बारकाईने काम केलं. रात्री त्यांच्या मिशा खाली येतात, मानेचे आणि पायांचे स्नायू सैल पडतात, शरीराचं तापमान उतरतं आणि त्यांना उठवायला दिवसापेक्षा जोराचा धक्का लागतो, हे त्याने दाखवून दिलं. माणसाच्या झोपेच्या खुणा आपण ज्या सांगतो, त्यांच्याशी हे बरंच जुळतं.

त्याच्याही कितीतरी आधी अमेरिकेत फिल राऊ आणि नेली राऊ या नवरा-बायकोने सेंट लुई शहराच्या परिसरातल्या रानांत झोपलेले कीटक शोधायचा ध्यास घेतला होता. कोणता कीटक कुठल्या झाडावर, कशा अवस्थेत, एकटा की घोळक्याने झोपतो, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि १९१६ मध्ये कीटकांच्या झोपेवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. लक्ष देऊन पाहणं आणि लिहून ठेवणं, यावरच त्या कामाचा पाया उभा होता.

सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत नर काडी सोडत नाहीत. रात्री त्यांचं शरीर हवेइतकंच गार झालेलं असतं आणि गार स्नायूंनी उडता येत नाही. मग ते छातीचे स्नायू जागच्या जागी थरथरवतात. पंख हलत नाहीत, पण अंगात ऊब तयार होते. आपण थंडीत कुडकुडतो, तसंच हे. पुरेशी ऊब आली की एकेक करून काडी रिकामी होते.

या काळात, म्हणजे संध्याकाळपासून ऊन चढेपर्यंत, त्यांना पळता येत नाही. हा त्यांच्या दिवसातला सगळ्यात धोक्याचा काळ असतो.

एकत्र का झोपतात?

दिवसभर हे नर एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. एकाच मादीमागे चार-पाच धावतात. मग रात्री एकाच काडीवर खांद्याला खांदा लावून का?

डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये या कोड्याचं एक उत्तर सुचवलं. त्याने एक तळं कल्पनेत आणलं. तळ्याच्या काठावर बेडूक बसले आहेत आणि पाण्यात एक साप आहे. साप कुठूनही डोकं वर काढेल आणि सगळ्यात जवळचा बेडूक उचलेल. एकट्या बसलेल्या बेडकाच्या दोन्ही बाजूंना रिकामा काठ आहे, म्हणजे तिथे साप वर आला की पाळी त्याचीच. म्हणून तो उडी मारून दोन बेडकांच्या मध्ये जाऊन बसतो. मग कडेला राहिलेलाही तेच करतो. थोड्याच वेळात सगळे बेडूक एका ढिगात गोळा होतात. कुणी कुणाला बोलावलेलं नसतं, कुणी कुणासाठी त्यागही केलेला नसतो. प्रत्येकाने फक्त आपला धोका कमी केलेला असतो.

काडीवरच्या रांगेला हाच हिशेब लावून पाहा. रात्री एखादी पाल किंवा प्रार्थनाकीटक काडीपाशी आला आणि त्याने एकाला उचललं, तर एकट्याने झोपलेल्याचं मरण ठरलेलं. वीसजणांत झोपलेल्याला तो धोका विसात एक. शिवाय बारीक, सुकलेल्या काडीच्या टोकावर मोठा सरडा चढू शकत नाही. जागा निवडण्यातही हिशेब आहे.

फुलपाखरांच्या बाबतीत तर याची प्रत्यक्ष परीक्षा झाली आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हेलिकोनियस नावाची काळी-लाल फुलपाखरं रोज रात्री लहान घोळक्यांनी एका डहाळीवर लटकून झोपतात. ती चवीला विषारी असतात आणि त्यांचे भडक रंग पक्ष्यांना तेच सांगत असतात. संशोधकांनी त्यांच्यासारखी हुबेहूब नकली फुलपाखरं बनवली. काही एकेकटी टांगली, काही घोळक्याने. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पक्ष्यांनी घोळक्यांपेक्षा एकट्या फुलपाखरांवर कितीतरी जास्त हल्ले केले. एक भडक रंग पाहून पक्षी कदाचित चूक करील, पण तसेच अनेक रंग एकत्र दिसले की इशारा ठळक होतो.

आपल्याकडेही पावसाळ्यानंतर टायगर आणि क्रो या नावांनी ओळखली जाणारी फुलपाखरं संध्याकाळी वाळक्या वेलींवर, गवताच्या काड्यांवर गोळा झालेली दिसतात. मिटलेल्या पंखांमुळे ती वाळलेल्या पानांच्या झुबक्यासारखी वाटतात आणि आपण जवळून निघून जातो.

वांग्याचा आणि या काडीचा संबंध

आता स्वयंपाकघराकडे वळू या. वांगं, टोमॅटो यांच्या फुलांत एक अडचण असते. इतर फुलांत पराग उघड्यावर असतो. इथे तो पुंकेसरांच्या बंद नळ्यांमध्ये असतो आणि नळीच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असतं. मिठाच्या डबीसारखं. डबी हलवली तरच मीठ पडणार.

मध देणाऱ्या मधमाशीला ही डबी हलवता येत नाही. निळपट्टीच्या मादीला येते. ती फूल घट्ट धरते आणि छातीचे तेच स्नायू, ज्यांनी नर सकाळी ऊब आणतात, जोराने थरथरवते. त्या कंपनाने छिद्रातून पराग तिच्या अंगावर उडतो. ऑस्ट्रेलियात टोमॅटोच्या फुलांवर केलेल्या अभ्यासात तिथली निळपट्टी सेकंदाला सुमारे ३५० वेळा आपलं डोकं फुलावर आपटते, असं आढळलं. तुम्ही वांग्याच्या वाफ्यात उभे असाल तर हा आवाज कानाला स्पष्ट कळतो. माशी फुलावर आली की गुणगुणीचा सूर एकदम बदलतो.

वाऱ्याने फूल हलूनही थोडाफार पराग पडतो आणि फळ धरतं. पण निळपट्टी आणि काळा भुंगा यांसारख्या माश्या आल्या की जास्त फुलांना फळ लागतं आणि फळ भरदार होतं.

इथे एखादा चाणाक्ष वाचक विचारील: पराग गोळा करणारी मादी, ती तर जमिनीतल्या बोगद्यात झोपते. काडीवर झोपणारे नर गेले तर वांग्याचं काय बिघडलं?

उत्तर मधमाश्यांच्या जन्मात आहे. मधमाशीच्या मादीने नराशी मीलनानंतर फलित अंडं घातलं तर त्यातून मुलगी होते. फलित न झालेल्या अंड्यातूनही पिल्लू होतं, पण तो मुलगाच असतो. म्हणजे परिसरातले नर संपले तर माद्या अंडी घालत राहतील, बोगदे खोदत राहतील, खोल्या भरत राहतील, आणि त्यांतून बाहेर पडतील ते फक्त नर. पराग गोळा करणारी, बोगदे खोदणारी पुढची पिढी जन्मालाच येणार नाही. काडीवर लटकलेले ते दहा-पंधरा जीव म्हणजे त्या परिसरातल्या पुढच्या मुलींचे बाप.

आणि ते सगळे एका काडीवर असतात. एकत्र झोपण्याने पालीपासून बचाव होतो, विळ्यापासून होत नाही. पालीने एक नेला तर चौदा उरतात. आपण काडी उपटून शेकोटीत टाकली तर पंधराच्या पंधरा जातात.

झोपायची जागा वाचवली तेव्हा

एकत्र विश्रांती घेणाऱ्या कीटकांचा हा धोका जगाला मोठ्या प्रमाणावर कळला तो मेक्सिकोत. कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्व भागातली मोनार्क फुलपाखरं हिवाळ्यात कुठे जातात, याचा शोध टोरांटोचे फ्रेड अर्कहार्ट अनेक वर्षं घेत होते. जानेवारी १९७५ मध्ये त्यांचे सहकारी केन ब्रुगर आणि कॅटलिना अग्वादो मध्य मेक्सिकोच्या डोंगरांत त्या जागी पोहोचले. ओयामेल नावाच्या देवदारासारख्या उंच झाडांची खोडं आणि फांद्या फुलपाखरांनी झाकून गेल्या होत्या. गावकऱ्यांना ती जागा पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतीच.

हजारो किलोमीटर उडून आलेली कोट्यवधी फुलपाखरं काही मोजक्या डोंगरउतारांवर हिवाळा काढतात. दाट झाडांचं छत त्यांना पांघरुणासारखं आणि छत्रीसारखं उपयोगी पडतं. भिजलेलं फुलपाखरू कोरड्यापेक्षा लवकर गोठतं, म्हणून झाडं तुटून छत विरळ झालं की मरण वाढतं. जानेवारी २००२ मध्ये पाऊस आणि त्यापाठोपाठ कडाक्याची थंडी आली, तेव्हा तिथे कोट्यवधी फुलपाखरं जमिनीवर मरून पडली. मेक्सिको सरकारने १९८६ मध्ये या जागांना संरक्षण दिलं, पुढे ते क्षेत्र वाढवलं, आणि २००८ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा यादीत घेतलं. उत्तरेकडे लोकांनी कितीही फुलं लावली, तरी मेक्सिकोतलं हे छप्पर उडालं तर फुलपाखरं परतणार नाहीत, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आपल्या अंगणातला मामला डोंगराएवढा नाही. एक-दोन झुडपांचा आहे. म्हणून तो आपल्या हातात आहे.

आपण काय करू शकतो

*झुडूप उपटण्याआधी एकदा पाहा.* वाळलेला सब्जा, पुदिन्याच्या वाळक्या काड्या, तुंबा, उंच गवत, कुंपणावरच्या वाळक्या वेली, ही त्यांची आवडती ठिकाणं. साफसफाई करायची असेल तर आदल्या संध्याकाळी, मगरिबच्या सुमारास, एक फेरी मारा. काडीवर रांग दिसली तर तेवढी काडी राहू द्या. काढणं भागच असेल तर सकाळी ऊन चढून सगळे उडून गेल्यावर काढा आणि जवळच तशीच दुसरी सुकी काडी उभी करा.

*बाल्कनीतही जागा होते.* एका कुंडीत सब्जा लावा. बी धरल्यावर झाड उपटू नका, वाळू द्या. त्याच कुंडीत गुडघाभर उंचीच्या तीन-चार बारीक सुक्या काड्या खोचून ठेवा, पावसाचा मारा कमी असेल अशा बाजूला. माद्यांसाठी अंगणाचा एखादा कोपरा फरशीविना, मातीचा राहू द्या.

*कब्रस्तानची साफसफाई.* शब-ए-बरातच्या आधी अनेक गावांत आणि मोहल्ल्यांत मंडळी एकत्र येऊन कब्रस्तान स्वच्छ करतात. कबरींवर लावलेला सब्जा, कंपाउंडच्या भिंतीलगतचं गवत, कुंपणाची झुडपं, यांमुळे शहरात कब्रस्तान ही या माश्यांना उरलेल्या थोड्या जागांपैकी एक असते. कबरींवरचं आणि वाटेवरचं गवत काढायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण भिंतीलगतचा हातभर रुंदीचा पट्टा तसाच ठेवायला काही हरकत नसावी. तणनाशक फवारण्याऐवजी हाताने किंवा विळ्याने काम केलं तर जमिनीतले बोगदेही वाचतात. ट्रस्टच्या बैठकीत किंवा साफसफाईला जमलेल्या तरुणांसमोर ही गोष्ट कुणीतरी काढावी, एवढंच.

*धूर फवारणीची वेळ.* डासांसाठी होणारी धूर फवारणी बहुधा संध्याकाळी होते, नेमकी हे नर काडीवर जमण्याच्या वेळी. त्या औषधाला डास आणि माशी असा फरक कळत नाही. डेंग्यूची भीती खरी आहे, आणि साथ असेल तेव्हा पालिकेच्या कामात आडकाठी कुणीही आणू नये. पण धुराने मरतात ते उडणारे डास. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्या-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणं, पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, छतावरचे टायर रिकामे करून घासून घेणं, हाच डासांवरचा भरवशाचा उपाय आहे. अळ्या कमी झाल्या की धुराची गरजही कमी पडते. घरातल्या झाडांवर मात्र, कीड दिसली म्हणून, संध्याकाळी कीटकनाशकाचा फवारा मारू नका.

मुलांसाठी या महिन्याचं काम

पावसाळ्याचा शेवट आणि त्यानंतरचे काही आठवडे या पाहणीसाठी उत्तम. असर आणि मगरिब यांच्यामधल्या वेळेत घराजवळच्या वाळक्या झुडपांभोवती सावकाश फिरा. काडीला धक्का लावायचा नाही, फूक मारायची नाही, फ्लॅश लावून फोटो काढायचा नाही. सापडली रांग तर तिच्याजवळ एक दोरा बांधून खूण करा. सात दिवस रोज एकाच वेळी जा आणि वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, संख्या, हवा कशी होती, आणि पहिला नर किती वाजता आला. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर उठून शेवटचा नर किती वाजता उडाला, तेही लिहा. ढगाळ दिवशी ते उशिरा उडतात का, पाऊस पडून गेल्यावर काडी बदलतात का, हे तुमचं तुम्हालाच वहीतून कळेल.

घरातल्या मोठ्यांनी मुलांबरोबर एकदा तरी जावं. आणि झुडपाला दोरा का बांधलाय, हे घरी साफसफाई करणाऱ्या ताईंना, माळीकाकांना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे विळा त्या काडीपर्यंत जाणार नाही.